आईला सांगितलेलं दुबईचं अंतर

दुबई सोलापूरपासून तीन तासांवर आहे, हे आईला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही. पुढं जे झालं त्याबद्दल भावकीत सगळ्यांना बोल लागले. डॉक्टरला लागले, बहिणीला लागले, सगळ्यात जास्त दाजींना लागले, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला. मला कुणीच काही बोललं नाही. मी गप्प बसून राहायचो आणि लोक म्हणायचे, बिचारा आतून खचलाय.

चाळिशीला आलो तेव्हा मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होतो. लग्न टिकलं नव्हतं, तो विषय वेगळा. दुबईतल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत जागा निघाली. एजंट म्हणाला, "इथले टॉवेल तिकडं जातातच, आता धुवायला माणूसही इथलाच." मला ते पटलं. खरं तर सोलापूर सोडायला मला काहीही पटलं असतं.

आई सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. लग्नाआधीची तिची सगळी वर्षं मेंढरांमागं चालण्यात गेली. माझे वडील मिलवर वॉचमन झाले म्हणून ती शहरात आली आणि सात रस्ता चौकाच्या मागं दोन खोल्यांत राहिली, पण चालायची सवय गेली नाही. बाजाराला चालत, देवळाला चालत, बहिणीच्या घरी चालत. किलोमीटर तिला कळायचे नाहीत. गावाचं नाव काढलं की म्हणायची, "मेंढरं घिऊन दोन मुक्काम," नाहीतर, "सकाळी निगालं की पानी पाजायच्या वक्ताला."

जायचं ठरल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "ती दुबई आली कुटं म्हनायची?"

"समुद्राच्या पल्याड."

"म्हंजी किती मुक्काम?"

मी फोन काढला. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं एक पान असतं. त्यात सोलापूर आणि दुबई टाकलं. नकाशावर एक सरळ निळी रेघ उमटली, सोलापुरातून निघून समुद्रावरून थेट पलीकडं. सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास. विमानाचा वेळ, तीन तास.

"तीन तास, आये."

"चल! तीन तासांत मेंढरू बाळे गावाच्या फुडं जात न्हाय."

बहीण भांडी घासत होती. ती म्हणाली, "आये, इमानाला काय पाय असतेत व्हय?"

आई हसली, आणि त्या दिवशी जेवली. सोलापुरातून तेव्हा कुठलंच विमान उडत नव्हतं. ती रेघ कुणी उडत नसलेल्या वाटेची होती. मुंबईपर्यंतचा रस्ता, विमानतळावरचं ताटकळणं, तिकडं उतरल्यावरच्या रांगा, सगळं धरलं तर घर ते घर एक अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त. मी ते सांगितलं नाही. त्या दिवशीचं ते खोटं मला अजूनही फार वाईट वाटत नाही. वाईट आहे ते त्याच्या पुढचं.

पहिल्यांदा सुट्टीवर येताना मला वाटलं, आता आई विचारणार, सकाळी निघालो म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी कसा पोचलास? मुंबईहून गाडीनं येत होतो. भिगवणला जेवायला थांबलो. तिथून सोलापूर साधारण तीन तास. मासळीचं ताट समोर होतं आणि मला ते सुचलं. फोन लावला.

"आये, बसलो बग विमानात."

तीन तासांनी मी दारात उभा. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "हुलगं चुलीवर ठिवलं तवा इमानात बसला. अजून शिजायचं हायती, आन् लेक दारात!"

मला इतका आनंद झाला की पुढच्या प्रत्येक वेळी मी तेच केलं. निघताना काही सांगायचं नाही. भिगवणला जेवायचं, तिथून फोन करायचा. दाजींनी एकदा मला पकडलं. मी गाडीतून उतरलो तसे जवळ येऊन वास घेत म्हणाले, "काय पावणं, विमानात चिलापी मासळी मिळती व्हय आता?" मी हात जोडले. ते डोळा मारून बॅग घेऊन आत गेले. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. माणूस तसा होता. आहे.

आईला साखर होती. एका पावसाळ्यात चप्पल चावली आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली. तिनं हळद लावून झाकून ठेवली. दुखत नव्हतं, म्हणून चालत राहिली. साखर असली की दुखायचंच बंद होतं, हे तिला माहीत नव्हतं. वास यायला लागला तेव्हा बहिणीनं पाहिलं आणि तिला दवाखान्यात नेलं.

सकाळी बहिणीचा फोन आला. मी लाँड्रीत होतो.

"दादा, आयेच्या पायाचं लई झालंय. डॉक्टर म्हंत्यात दोन बोटं आजच काडायला लागतील, न्हायतर वर चडतंय. आन् ही बया आयकंना. तुजा शब्द पायजे म्हंती."

"मी निघालोच," मी म्हणालो.

निघालोच. आपल्याकडं अंघोळीला जायच्या आधीही माणूस फोनवर निघालोच म्हणतो. मीही तसंच म्हणालो. निघालो नव्हतो. रजाही मागितली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी असंच "ये लगेच" म्हणून मी धावत आलो होतो आणि आईला पित्त निघालं होतं. परत गेल्यावर मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, आई बरी आहे ना, की पुन्हा आजारी पडणार आहे? ते डोक्यात होतं. पण मी त्याच्या आड लपणार नाही. पासपोर्ट माझ्याजवळ होता, मला कुणी अडवलं नव्हतं. मी मागितली असती तर रजा मिळाली असती, ती संध्याकाळी मिळालीच.

बहिणीनं फोन आईला दिला.

"बाळा, कापू म्हंत्यात रं."

"डॉक्टर म्हणत्यात तसं कर, आये."

"तू ये. तू डोळ्यानं बग. तू म्हन काप, मग कापू दे. मेंढराला सुदिक मालक आल्याबिगर सुरी लावत न्हाईत. मी तर मानूस हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हैस कुटं तू?"

"विमानतळावर."

माझ्या मागं कपडे वाळवायची मोठी यंत्रं फिरत होती. तिला ते ऐकू गेलं. "ही गरगर कशाची?"

"विमानाची."

"मग दुपारच्याला ईस की."

"येतो. आता फोन बंद करायला लागंल, आये. विमानात चालत न्हाय."

आणि मी फोन बंद केला. खरोखर बंद केला, बटण दाबून धरून.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे मला आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. मी स्वतःला सांगितलं की लेक येतोय म्हटल्यावर तिला धीर येईल, ती डॉक्टरांना हो म्हणेल, ऑपरेशन होऊन जाईल. आणि त्याच्या खाली दुसरं होतं. मला ते हो म्हणायचं नव्हतं. तिच्या पायाला काप म्हणणारं तोंड माझं नको होतं. सगळं उरकल्यावर पोचावं, उशाशी बसावं, मोसंबी सोलून द्यावी, असं मला वाटत होतं. आयुष्यभर चाललेल्या बाईचा पाय आणि त्यावरचा शब्द, दोन्ही मी दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं आणि टॉवेलच्या घड्या मोजायला गेलो.

फोन बंद होता तेवढ्या वेळात वॉर्डात काय झालं ते मला बहिणीनं नंतर सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं.

डॉक्टर दोनदा येऊन गेले. तरुण होते, समजावून सांगत होते. "आजी, इन्फेक्शन वर सरकतंय. आज बोटांवर भागेल. उद्याचं मी सांगू शकत नाही."

"माजा लेक इमानात हाय," आई म्हणाली. "तीन तास. तेवडं थांबा."

डॉक्टरांनी बहिणीकडं पाहिलं. बहीण म्हणाली, "आये, तीन तास न्हाईत गं. मुंबईस्नंच रात जाती यायला."

"तू कवा गेलीस दुबईला?"

शेजारच्या खाटेवर विड्या वळणारी एक तेलुगू आजी होती. दुपार कलली तशी ती म्हणाली, "काय ओ मावशी, तुमचं विमान टेंभुर्णीत पंक्चर झालं काय?" वॉर्डात हशा झाला. आईही हसली म्हणे. म्हणाली, "यील की. समुद्र लागतुय मधी."

मग दाजींनी ते केलं जे त्यांनी इतकी वर्षं केलं नव्हतं. खाटेशेजारी बसले आणि तिला भिगवणचं सांगितलं. "मामी, त्यो तितनं फोन करतुय. माशाच्या हाटेलातनं. विमानातनं न्हाय. तीन तासांत दुबई सोडा, हितनं पुनं बी येत न्हाय कदीकदी. आयका माजं, हो म्हना."

आईनं तोंड फिरवलं. "मी माज्या डोळ्यानं बगितलंय, एकदा न्हाय, धा डाव," ती म्हणाली. "जावयाला लेकाचं चांगलं बगवत न्हाय."

एवढं ऐकूनही ते उठून गेले नाहीत.

ते माझा फोन लावत राहिले. बहीण लावत राहिली. डॉक्टरांनीही त्यांच्या फोनवरून लावला. मी विमानात होतो ना. बंदच लागणार. संध्याकाळी पाळी संपल्यावर मी फोन चालू केला तेव्हा ऑपरेशन झालं असेल या हिशेबानं केला. बहिणीचा आवाजी निरोप होता. ती बोलत नव्हती, ओरडत होती. "दादा, तिला ताप चडलाय, ती बडबडतीय. तू हैस कुटं? खरं सांग, तू हैस कुटं?"

त्यानंतर मी खरा धावलो. रजा, तिकीट, टॅक्सी, काही आठवत नाही. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक छोटं विमान निळ्या पाण्यावर सरकत होतं. खाली उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ. मी त्या आकड्यांवरून डोळा हलवला नाही. शेजारच्यानं विचारलं, पहिल्यांदा बसलाय का? मी हो म्हणालो.

मुंबईला उतरल्यावर गाडी केली. घाटात ट्रक उलटला होता, तिथं अडकलो. मी खाली उतरून ट्रकांच्या रांगेतून पुढं चालत गेलो, पोलिसाच्या पाया पडलो, तो म्हणाला, काका, मी काय करू, क्रेन यायची आहे. परत गाडीत येऊन बसलो. ड्रायव्हर भिगवणला म्हणाला, "साहेब, जेवून घ्यायचं का?" मी त्याच्यावर इतका ओरडलो की सोलापूर येईपर्यंत तो बोलला नाही.

पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार होती. दाजी वॉर्डाच्या बाहेर जिन्यात बसले होते. शर्टाची बटणं चुकीची लागली होती. मला पाहून उठले नाहीत.

"मी हो म्हनालो," ते म्हणाले. "सुद न्हवती तिला. डॉक्टर म्हनाले जीव पायजे का पाय. मी हो म्हनालो."

गुडघ्याच्या वरून.

आत चादर एका बाजूला सपाट होती. ती शुद्धीवर आली तेव्हा मी उशाशी होतो, जसं मला हवं होतं तसं. तिनं आधी मला पाहिलं, मग चादरीकडं पाहिलं, बराच वेळ. आणि मग जे विचारलं ते तिनं मला सुटका म्हणून दिलं होतं की तिला खरंच तसं वाटत होतं, मला आजही कळत नाही.

"विमान लेट झालं व्हय रं?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या एका शब्दानं सगळं दाजींवर गेलं. विमान लेट झालं होतं, लेक वाटेत होता, आणि जावयानं लेकाला न विचारता सासूचा पाय देऊन टाकला. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायची. "माजा पोरगा वाटंत हुता. थोडं थांबला असता तर? पर याला घाई." भावकीतल्या म्हाताऱ्यांनी दाजींना घरी बोलावून विचारलं. ते म्हणाले, माझं चुकलं. खाली मान घालून म्हणाले. मी तिथंच बसलो होतो, चहाचा कप हातात. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, भिगवणचं नावही काढलं नाही. त्या दिवसापासून ते आमच्या घरी आले नाहीत. बहीण एकटी यायची, उंबऱ्यावरून डबा देऊन जायची.

मी दुबई सोडली. लोक म्हणाले, आईसाठी आला परत. आलो होतो खरं. जुन्याच कारखान्यात पॅकिंगवर लागलो. सकाळी कामावर जायच्या आधी आईला उचलून बाहेर ओट्यावर बसवायचं, दुपारी शेजारीण जेवायला द्यायची, संध्याकाळी आल्यावर उचलून आत. लाकडी पाय तिनं दोन दिवस लावला आणि फेकून दिला. ती माझ्या गळ्यात हात टाकायची आणि मी तिला उचलायचो तेव्हा तिचं वजन जाणवायचं. एका बाजूला कमी. अशी वर्षं गेली. रोज दोन वेळा ती माझ्या अंगावर असायची आणि रोज दोन वेळा मी सांगायचं ठरवायचो.

आता सोलापुरातून विमानं सुटायला लागलीत. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर होतो. डोक्यावरून एक गेलं. आई मान वर करून बघत राहिली.

"ही कुटं जातंय?"

"मुंबईला."

"बग," ती म्हणाली, "तवा असतं तर तू येळंवर आला असतास. जावयानं घात केला न्हायतर."

मला वाटतं, घात हा शब्द मला सोसला नाही. मी ओट्याच्या खाली बसलो, तिच्या उरलेल्या पायाशी, आणि सगळं सांगितलं. रेघेचं, भिगवणचं. दाजी खरं बोलत होते ते. मी विमानतळावर नव्हतो ते. गरगर कपडे वाळवायच्या यंत्रांची होती ते. फोन मी बंद केला होता ते. शेवटी तेही सांगितलं, की मला काप म्हणायचं नव्हतं.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग तिनं एकच विचारलं.

"म्या वाट बगत हुते तवा तू काय करत हुतास?"

"काम करत होतो, आये. टॉवेल मोजत होतो."

तिनं मान हलवली, दुकानात भाव ऐकून बाई हलवते तशी. ऊन ओट्यावर आलं. मी उठलो, तिच्या काखेत हात घातला.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जावईबापूला फोन लाव. त्यास्नी म्हनावं, मामीनं बोलावलंय. त्यांनी उचलल्याबिगर मी हितनं हलनार न्हाय."

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बहिणीला लावला आणि तिलाही सांगितलं, फोनवरच, सगळं. मग ती म्हणाली, "ह्यांनी हितंच बसून आयकलं, दादा. स्पीकरवर हुतास." थोड्या वेळानं म्हणाली, "ते चप्पल घालून बाहिर गेलं. कुटं गेलं म्हाईत न्हाय. तिकडं येत्याल असं वाटत न्हाय."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "यीनात. म्या हाय बसून."

ऊन तिच्या मांडीवर आलं, मग तोंडावर. मी छत्री आणून धरली, तिनं हातानं बाजूला केली. पाणी आणलं, घेतलं नाही. शेजारीण म्हणाली, "काय झालं ओ आजी?" आई म्हणाली, "काय न्हाय. जावई यायचा हाय." मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाहिलं, परत आलो, परत गेलो. दाजी आले नाहीत. दुपारी बहीण एकटीच आली. माझ्याकडं न बघता तिनं पदर खोचला, आईला उचलायला वाकली, आणि तिला एकटीला ते जमेना. मी दोन पावलं पुढं झालो. दोघींनी एकदमच माझ्याकडं पाहिलं. मी जागीच थांबलो. बहिणीनं पुन्हा दम भरला, आईनं ओट्याच्या कडेला हात रेटला, आणि त्या दोघी थांबत-थांबत, धापा टाकत, भिंतीला धरून आत गेल्या.